पट्टा, पायडल आणि गुडघा

काकू सायकलवर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. गुडघ्याच्या नव्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

ठाण्यातल्या एका सोसायटीची जिम. तळमजल्यावरची लांबट खोली, एका भिंतीभर आरसा, दोन ट्रेडमिल, एक क्रॉस ट्रेनर, एक सायकल आणि कोपऱ्यात डंबेल्स. ट्रेनर संध्याकाळी येतो, सकाळी ज्याचं त्याने बघायचं. काकूंचं वय ६२. एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, गॅप कमी झालीय, वजन उतरवा, सायकल चालवा. काकूंनी ते मनापासून पाळलं. रोज सकाळी वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागली. आधी फक्त जिना चढताना दुखायचं, आता खुर्चीतून उठतानाही दुखू लागलं.

"सायकल गुडघ्याला चांगली म्हणतात ना? मग माझंच काय चुकतंय?" त्यांनी विचारलं.

"सीट इतकी खाली का ठेवलीय?"

"पाय टेकतात ना. नाहीतर धीर होत नाही."

ही रस्त्यावरच्या सायकलची सवय. साडी सांभाळत लेडीज सायकल चालवलेल्या पिढीच्या तर ती अंगवळणीच पडलेली. पण जिममधली सायकल कलंडत नाही. मी काकूंना उतरायला सांगितलं, सीटच्या दांड्याचा नॉब सैल करून बाहेर ओढला आणि दांडा वर घेतला. दांड्यावर आकडे असतात. काकूंची सीट २ वर होती, ती ५ वर नेली. नॉब खट्कन भोकात बसला, तो पुन्हा आवळला. हँडल धरून काकू चढल्या.

"आता टाच पायडलवर ठेवा. चवडा नाही, टाच. पायडल पार खाली येऊ द्या. गुडघा सरळ झाला?"

झाला नव्हता. ६ वर झाला. मग टाचेच्या जागी चवडा ठेवायला सांगितलं, आणि गुडघ्याला हलकासा बाक आला. पायडल तळाशी असताना २५ ते ३५ अंशांचा हा बाक हवा असतो. तो मोजायला कोनमापक लागत नाही, टाचेची ही युक्ती पुरते. दोनेक मिनिटं पायडल फिरवल्यावर काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे तर हलकं लागतंय."

हलकं लागणारच. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडापुढच्या खाचेतून वर-खाली सरकत असते. गुडघा खूप वाकलेला असताना जोर लावला की मांडीचा पुढचा स्नायू तिला हाडावर दाबून धरतो. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा जवळजवळ पोटाशी येतो आणि नेमकं तिथूनच पायडल ढकलायचं असतं. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या, तर वीस मिनिटांत एका गुडघ्याला असे १,२०० दाब बसतात. उलट सीट फार उंच झाली तर पाय पायडलपर्यंत पोचायला ताणावा लागतो, कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला जातं. पुढून दुखलं तर सीट खाली आहे का बघावं, मागून दुखलं तर वर आहे का बघावं. एवढं एक वाक्य प्रत्येक जिमच्या भिंतीवर लिहावं असं मला फार वाटतं.

गुडघा, खुबा, घोटा किंवा कंबर दुखत असलेली माणसं फिजिओथेरपिस्टला पहिला प्रश्न विचारतात तो मशीनचा. कोणतं मशीन चांगलं? माझ्या इतक्या वर्षांच्या कामात यंत्राच्या नावाने फारसं काही ठरलेलं मी पाहिलं नाही. सायकल सगळ्यांत सौम्य म्हणतात, आणि ती काकूंना दुखवत होती. ट्रेडमिलला लोक घाबरतात, आणि त्याच ट्रेडमिलवर सावकाश चालून कितीतरी जणांचे सांधे मोकळे झाले आहेत. यंत्र आपल्या शरीराला कसं बसवून घेतलं, त्यावर किती वेळ घालवला आणि त्यानंतर सांध्याने काय सांगितलं, या तीन गोष्टी मी बघते.

त्याआधी एक समज मनातून काढायला हवा. "गुडघ्यातलं वंगण संपलंय" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ते ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे बिजागरी येते. जितकी वापराल तितकी झिजेल, म्हणून जपून वापरा. मग चालणं कमी होतं, मांडीचे स्नायू बारीक होतात, वजन वाढतं आणि गुडघा आणखी दुखतो. सांधा ही जिवंत गोष्ट आहे. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे ती गुळगुळीत पांढरी गादी, बहुतांशी पाण्याने भरलेली असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो दाब पडल्यावर आणि सुटल्यावर, स्पंज पिळून सोडल्यासारखा. दाब अजिबात पडला नाही तर ती उपाशी राहते, फार पडला तर खरवडते. सगळं कौशल्य या दोहोंमधली जागा शोधण्यात आहे. हौसेने धावणारे, स्पर्धेसाठी धावणारे आणि बैठं आयुष्य जगणारे अशा लोकांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांत साधारण ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १० टक्क्यांच्या आसपास आणि स्पर्धक धावपटूंत १३ टक्क्यांच्या आसपास आढळली. धावल्यामुळे गुडघे वाचले असा अर्थ यातून लगेच काढता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात. पण वापराने सांधा संपतो ही भीती मात्र हे आकडे पाहून सैल पडायला हरकत नाही.

सांध्यावर नेमका किती भार पडतो, हे पूर्वी फक्त गणिताने काढत. मग बर्लिनमधल्या आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच दाबमापक बसवले. ज्यांची शस्त्रक्रिया झाली होती ती माणसं चालली, जिने चढली-उतरली, सायकलवर बसली, आणि गुडघ्याच्या आतून आकडे बाहेर आले. मला या क्षेत्रातलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तर्काने चाललेल्या कितीतरी वादांचा त्याने निकाल लावला. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट भार येतो. जिना चढताना तो तिपटीच्या पुढे जातो, आणि उतरताना त्याहून वाढून साडेतीनपटीच्या जवळ पोचतो. जॉगिंग करताना तीन ते चारपट. सायकलवर मात्र, पायडल जड केलेलं नसेल तर, तो वजनाइतका किंवा दीडपटीपर्यंतच राहतो. कारण उघड आहे, निम्म्याहून जास्त शरीर सीटने उचललेलं असतं.

हे घरच्या हिशोबात आणून बघू. वजन ७० किलो. ट्रेडमिलवर ताशी ४ किलोमीटरने वीस मिनिटं चाललं, पाऊल साधारण ६० सेंटिमीटरचं धरलं, तर पावलं होतात सुमारे २,२००. म्हणजे एका गुडघ्यावर १,१०० वेळा १४० ते १७५ किलो. आकडा ऐकून घाबरू नये. निरोगी गुडघा हे रोज करतो आणि बिचकत नाही. पण दुखऱ्या गुडघ्याला पहिल्याच दिवशी ४० मिनिटं दिली तर आपण त्याच्याकडे काय मागितलं हे यातून कळतं. याच हिशोबाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. गुडघेदुखी असलेल्या वयस्क, स्थूल माणसांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात २००५ साली दिसलं, की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले, तर पावलाला वीस किलो.

आता ट्रेडमिल. या यंत्राबद्दल माझं थोडं जास्त सांगणं आहे, कारण जिमला जाणारी बहुतेक माणसं पहिल्यांदा त्याच्यावरच चढतात.

सायकलवर तुम्ही थांबलात की पायडल थांबतं. ट्रेडमिलवर तुम्ही थांबलात तरी पट्टा थांबत नाही. वेग ठरवतो तो पट्टा, पाय त्याच्या मागे धावतात. सांधा दुखत असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. रस्त्यावर चालताना गुडघ्यात कळ आली की पाऊल आपोआप आखडतं, गती कमी होते, हे आपल्याला समजण्याआधीच शरीर करून टाकतं. पट्ट्यावर ही सवलत मिळत नाही. पाऊल आखडलं तर माणूस मागे ओढला जातो, मग तो पुढचा दांडा धरतो, दुखऱ्या पायावरचा भार चांगल्या पायावर ढकलतो आणि तसाच लंगडत दहा मिनिटं पुरी करतो, कारण पडद्यावर आकडा पूर्ण व्हायचा असतो.

या यंत्राचा पूर्वज खरोखरच माणसाला थांबू न देण्यासाठी केलेला होता. इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी पायऱ्यांचं एक प्रचंड फिरतं चाक बनवलं. कैद्यांनी दांडा धरून त्या पायऱ्या चढत राहायच्या, पायऱ्या खाली जात राहायच्या. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे नुसतीच शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती प्रथा बंद पडली. पुढे विसाव्या शतकात सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्याचा उपयोग हृदय तपासायला केला, आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत आजही जगभर वापरली जाते. आपल्याकडे 'टीएमटी करून आलो' म्हणतात ती हीच. तिच्यात पहिल्या तीन मिनिटांतच पट्टा १० टक्के चढाला लावलेला असतो, आणि दर तीन मिनिटांनी चढही वाढतो, वेगही. हृदयाला दमवण्यासाठी ते योग्य आहे. गुडघ्यांसाठी ती तपासणी बनवलेलीच नाही, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांची तपासणी डॉक्टर औषध देऊन दुसऱ्या पद्धतीने करतात. तरीही टीएमटी नॉर्मल आली म्हणून उत्साहाने जिममध्ये पट्टा दहाच्या चढाला लावणारे काका मला दर वर्षी भेटतात. हृदयाने होकार दिला असतो, गुडघ्यांना अजून कुणी विचारलेलं नसतं.

मी शिकवते ते असं. पट्टा सुरू करताना त्यावर उभं राहायचं नाही, दोन्ही बाजूंच्या स्थिर पट्ट्यांवर पाय ठेवायचे. लाल दोरीची चाप कपड्याला लावायची. ती शोभेची नसते. आपण मागे घसरलो की ती निसटते आणि पट्टा थांबतो. वेग सगळ्यांत कमी, मग एक पाय, मग दुसरा. पाच मिनिटं ताशी दोन-अडीच किलोमीटर, नुसतं अंग मोकळं करायला. मग जिथे सहज बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, तो वेग आपला. चढ शून्य किंवा फार तर एक-दोन. उतार देणारी ट्रेडमिल काही ठिकाणी असते, तिचं ते बटण गुडघेदुखीच्या माणसाने विसरावं. पावलं लांब टाकू नयेत, छोटी आणि थोडी भरभर टाकावीत. आणि आवाज ऐकावा. पट्ट्यावर धप् धप् असा आवाज येत असेल तर टाच जोराने आदळतेय, तो हादरा कुणीतरी वर घेतोय. पाऊल इतकं हलकं पडावं की शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ते ऐकू येऊ नये. कानाने केलेली ही दुरुस्ती कुठल्याही महागड्या बुटापेक्षा लवकर लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

दांडा धरावा का? तोल जाण्याची भीती असेल तर जरूर, पण बोटं टेकवण्यापुरता. चढ वाढवून, दांड्याला लोंबकळून, अंग मागे टाकून चालणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या मनगटांवर आणि खांद्यांवर भार जातो आणि पडद्यावरच्या कॅलरी खोट्या ठरतात. चढ झेपत नसेल तर चढच कमी करावा.

आणि वीज. पट्ट्यावर चालताना दिवे गेले की पट्टा थांबतो आणि शरीर पुढे जात राहतं. माझ्याकडे एक बाई असंच तोंडघशी पडून मनगट मोडून आल्या होत्या, मूळ दुखणं घोट्याचं होतं ते राहिलं बाजूलाच. जिथे वीज जाते-येते तिथे मी वेग चारच्या वर नेऊ देत नाही आणि हात दांड्याच्या जवळ ठेवायला सांगते. ओढणी, पदर, सलवारीच्या नाड्या, सैल पायजम्याचे पाय हेही इथेच सांगून ठेवते. सायकलच्या फिरत्या चाकात ओढणी गेलेली मी स्वतः कापून काढली आहे. चप्पल घालून पट्ट्यावर चढू नये, त्यात घोट्याला आधारच नसतो.

क्रॉस ट्रेनरवर पाय पायडलवरून उचलला जात नाही, म्हणून टाच आदळण्याचा हादरा नाही. १९९५ साली प्रिकॉर कंपनीने ते बाजारात आणलं ते हेच सांगून, आणि ते खरं आहे. पण हादरा नाही म्हणजे भार नाही असं नव्हे. कृत्रिम गुडघ्यात दाबमापक बसवलेल्या त्या माणसांना क्रॉस ट्रेनरवरही उभं केलं होतं. गुडघ्यावरचा दाब जॉगिंगपेक्षा कमी भरला, पण ट्रेडमिलवरच्या साध्या चालण्यापेक्षा कमी नव्हता. शिवाय त्याच्या पावलाची लांबी यंत्राने ठरवलेली असते. बुटक्या माणसाला ती लांब पडते, खुबा आणि कंबर ताणली जाते, आणि पाय सतत एकाच जागी दाबून राहिल्याने दहा-बारा मिनिटांत तळव्याला मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर टाचा खाली टेकवाव्यात, बुटाची लेस सैल करावी. तरीही येत राहिल्या तर हे यंत्र आपल्या मापाचं नाही असं समजून उतरावं. ज्यांना चालताना टाच टेकवली की दुखतं, त्यांना मात्र ते वरदान वाटतं.

रोइंग मशीन पाठीला चांगलं असं ऐकून लोक त्यावर बसतात. प्रत्येक ओढीला गुडघे छातीपर्यंत दुमडतात, उकिडवं बसल्यासारखे. ज्यांना उकिडवं बसता येत नाही त्यांनी सीट पूर्ण पुढे जाऊच देऊ नये, अर्ध्यातून परत फिरावं. फिरत्या पायऱ्यांचं मशीन दुखऱ्या गुडघ्याने सोडून द्यावं, त्याच्यावाचून काही अडत नाही.

यंत्र कुठलंही असो, किती करायचं हा प्रश्न उरतोच, आणि इथे माणसं दोन टोकांना जातात. काही जण पहिली कळ येताच घाबरून महिनाभर बंद करतात. काही जण दात-ओठ खात पुरं करतात, दुखल्याशिवाय फायदा नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सगळ्यांत वाईट. व्यायाम करताना दोनपर्यंत दुखलं तर निर्धास्त राहावं. पाचपर्यंत चालेल, पण लक्ष ठेवावं. पाचाच्या पुढे गेलं तर आजचं तिथेच थांबवावं. ही मोजणी मी काढलेली नाही. स्वीडन-डेन्मार्ककडच्या फिजिओथेरपिस्टांनी ती रुळवली आणि गुडघ्याच्या झिजेसाठीच्या त्यांच्या व्यायामवर्गांत ती रोज वापरतात. तिच्या जोडीला आणखी दोन वेळा तपासावं. व्यायामानंतर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखतोय का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो नेहमीपेक्षा जास्त आखडलाय, सुजलाय का? होय असेल तर काल जे केलं ते जास्त झालं. बंद नाही करायचं, कमी करायचं. वीसची बारा मिनिटं करायची.

वाढवतानाही एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आधी वेळ, मग वेग, सगळ्यांत शेवटी पायडलचा जडपणा किंवा पट्ट्याचा चढ. एकाच आठवड्यात दोन्ही वाढवलं आणि दुखलं तर दोष कोणाचा ते कळतच नाही. पाच मिनिटांपासून सुरुवात करायला लाजू नये. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं हाही सांध्याच्या दृष्टीने पंधरा मिनिटांचाच व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तिथे पोचायला माझ्या कितीतरी पेशंटना चार महिने लागले, आणि ते पोचले. वेदनाशामक गोळी घेऊन मशीनवर चढणं हा मात्र स्वतःचे डोळे बांधून चालण्याचा प्रकार आहे. सांगणारी एकच गोष्ट होती, तिलाच गप्प केलं. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत, त्या घेणाऱ्यांनी पडद्यावरच्या ठोक्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, आपण बोलू शकतोय का ते बघावं. छातीत दडपण, चक्कर, हाताकडे जाणारी कळ आली तर तो विषय सांध्याचा राहत नाही. तिथे लगेच थांबून डॉक्टर.

वरचं सगळं झिजेच्या दुखण्याला धरून आहे. आमवाताचं गणित वेगळं. त्यात सांधा झिजण्याआधी पेटतो. सकाळी तासाहून अधिक काळ बोटं, मनगटं, घोटे आखडलेले राहतात. दुखण्याचा असा भर असताना गरम, सुजलेल्या सांध्याने मशीनवर काम करू नये, नुसता हळुवार हलवत ठेवावा. भर ओसरला की सायकल उत्तम, पण पहाटेची वेळ टाळावी. अंघोळ, नाश्ता होऊन सांधे मोकळे झाल्यावर दहा-अकरा वाजता बसावं. हँडल मुठीत आवळू नये, तळहात टेकवावा. कमरेच्या मणक्यात नस दबून ज्यांचे चालताना पाय भरून येतात अशांना पुढे वाकलं की बरं वाटतं. म्हणून पट्ट्यावर पाच मिनिटांत थांबणारी तीच व्यक्ती सायकलवर अर्धा तास आरामात काढते. ज्यांना वाकल्यानेच कंबर धरते, त्यांनी पाठ टेकायची सोय असलेली आडवी सायकल बघावी. खुबा बदललेल्यांनी सीट खाली ठेवूच नये. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर पहिले काही आठवडे खुब्यात ९० अंशांपुढे वाकू नका असं सर्जन बजावून सांगतात, आणि बुटकी सीट नेमकं तेच करायला लावते.

गुडघा बदललेल्यांसाठी सायकल म्हणजे तर मोजपट्टीच. पायडलची पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला तो तेवढा वाकत नाही, म्हणून फेरी मारायचीच नाही. पायडल पुढे न्यायचं, अडलं की मागे आणायचं, पुन्हा पुढे. झोपाळ्यासारखं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते, आयुष्यभर कंडक्टरकी करून उभ्याने झिजलेले दोन्ही गुडघे, त्यातला उजवा बदललेला. सीट मी सगळ्यांत वर, ९ वर ठेवली होती. पायडल दहाच्या काट्यापर्यंत यायचं आणि अडायचं. काका दात आवळायचे, मी म्हणायचे, ढकलू नका, मागे या. रोज दहा मिनिटं हेच चाललं होतं. वैताग येणारच, तो त्यांना आला आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी म्हटलं, आज उलटं फिरवून बघा. उलट्या दिशेने फेरी बहुतेकांना आधी जमते. काकांनी हँडल धरलं, पायडल मागे घेतलं, ते वर चढलं, अकराच्या काट्याशी क्षणभर थबकलं. उजवा खुबा त्यांनी किंचित उचलला, आणि पायडल पलीकडे गेलं. ते खाली बघत राहिले. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. शेजारच्या टेबलवर खांद्याचा व्यायाम करणाऱ्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या.

दोन दिवसांनी ते सरळ फिरवू लागले. खुबा उचलायचा नाही, हे शिकायला आणखी चार दिवस गेले. पुढच्या सोमवारी मी सीटचा नॉब ओढला आणि दांडा एक भोक खाली घेतला, ९ वरून ८ वर.